माझे नाव धोंडाबाई

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिली आहे. माझी तऱ्हा नेमकी उलटी. हातात चांगल्या काचेच्या बांगड्या आहेत, खांद्याला पुस्तकांची पिशवी आहे, घराण्यात पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढल्याचा मानही आहे. आणि नाव मात्र धोंडाबाई!

हसलात ना? हसा. मला त्याची सवय आहे. प्रथम वर्षाच्या पहिल्याच तासाला हजेरी घेताना सर माझ्या नावाशी क्षणभर थांबले, त्यांनी चष्मा वर सरकवला आणि नाव पुन्हा एकदा वाचले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "सर, दगड बोलत नसतो!" वर्गात हशा पिकला. माझ्या तोंडून 'हजर' हा शब्द काही बाहेर पडला नाही. वर्गात बसूनही त्या दिवशी माझी गैरहजेरी लागली. नंतर मैत्रिणी जमल्या, तेव्हा मी त्यांना सांगितले, "मला धनश्री म्हणा." त्याही भल्या. धनश्रीची धनू कधी झाली ते कळलेच नाही.

हे नाव आले कोठून, याचा शोध मी बरेच दिवस घेत होते. आमच्या माणदेशात त्याची दोन कारणे सांगतात. पहिले पंचांगातले. चंद्राचे वर्ष ३५४ दिवसांचे आणि सूर्याचे ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती साठत साठत सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एका महिन्याएवढी होते आणि मग पंचांगात एक जादा महिना घालावा लागतो. ज्या चांद्रमासात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, तो अधिक मास. हा महिना घातला नाही, तर आपली दिवाळी फिरत फिरत पावसाळ्यात येईल. मोहरम असा महिना धरत नाही, म्हणून गावातले पंजे दरवर्षी अकरा-एक दिवस अलीकडे बसतात, हे आपण पाहतोच.

या अधिक महिन्यालाच आपण धोंड्याचा महिना म्हणतो. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. कोणत्याच शुभकार्याला तो चालत नाही, म्हणून त्याला मलमास असेही नाव पडले. कीर्तनात कथा सांगतात की, या महिन्याला कोणी देव वाली मिळेना. तेव्हा तो रडत विष्णूकडे गेला आणि विष्णूने त्याला स्वतःचेच पुरुषोत्तम हे नाव देऊन टाकले. नको असलेल्या महिन्याला देवाने आपले नाव दिले. त्या महिन्यात जन्मलेल्या लेकरांना मात्र माणसांनी धोंडू, धोंडीबा, धोंडाबाई ही नावे दिली. माझा जन्म २००४ सालच्या अधिक श्रावणातला.

दुसरे कारण पंचांगात सापडत नाही. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात पुढच्या मुलाला मुद्दाम हलके नाव देत. दगडू, केरू, भिकू, धोंडू ही त्यातलीच नावे. दृष्ट लागू नये, मृत्यूला वाटावे की हा केर आहे, दगड आहे, याला नेऊन काय करायचे? देवी आणि पटकी घरेच्या घरे रिकामी करीत, त्या काळात आईबापांच्या हातात एवढाच इलाज होता. या नावाची गल्लत 'नकुसा'शी मात्र करू नये. मुलगी नको म्हणून ठेवलेले नाव ते. आमच्याच सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अशा २८५ मुलींची नावे समारंभ करून बदलण्यात आली. नकुसा म्हणजे जाऊ दे. धोंडा म्हणजे राहू दे.

हे नाव एके काळी चांगले चालते होते. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचून १९१६ साली महिला विद्यापीठ काढणारे महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी जयपूर-अत्रौली घराण्याच्या नामवंत गायिका होत्या. त्या २०१४ साली वारल्या. मराठवाड्यात निजामाविरुद्ध लढलेल्या दगडाबाई शेळके तर माझ्या नावाच्या सख्ख्या बहीणच म्हणायच्या. त्यांना कोणी हसले असेल असे वाटत नाही. पण आज? गावातली मतदारयादी मी एकदा सहज चाळली. धोंडाबाई चार-पाच सापडल्या. सगळ्या साठीच्या पुढच्या. शाळेच्या पटावर एकही नाही. लेकरे जगू लागली, तशी ही नावे मरू लागली. ही गोष्ट खरे तर आनंदाचीच आहे. प्रश्न एवढाच होता की, या यादीतली शेवटची मी का?

२०२३ च्या जुलैत द्वितीय वर्षाचा प्रवेशअर्ज भरायचा होता. नाव बदलायचे तर आताच, पुढे पदवीच्या कागदावर हेच नाव छापून येईल, असे मनाने घेतले. सरकारी राजपत्रात नाव बदलल्याचे प्रसिद्ध करता येते, ही माहिती मी तालुक्याला जाऊन काढली. कागद आणले. नव्या नावाच्या जागी 'धनश्री' असे सुवाच्य अक्षरात लिहिले. सही माझीच लागणार होती, पण घरात विचारल्यावाचून कसे करायचे? वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. ते कागदाकडे बघून म्हणाले, "आज्जीला विचार."

त्या वर्षी १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा अधिक महिना होता आणि तोही श्रावणच. आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात त्याचे गणित सांगितले होते. एकोणीस वर्षांत चंद्राचे महिने २३५ होतात. बारा महिन्यांच्या हिशेबाने २२८ आणि वरचे ७ अधिक. म्हणून एकोणीस वर्षांनी सूर्य-चंद्राचा मेळ बहुधा पुन्हा तसाच जमतो. म्हणजे माझा खरा महिना मला एकोणीस वर्षांनी प्रथमच भेटत होता, आणि मी मात्र त्याचे नाव टाकायला निघाले होते.

आत्या आणि मामा धोंडे जेवायला आले होते. अधिक महिन्यात जावयाला मान. आजीने कणकेच्या पारीत पुरण भरून धोंडे उकडले होते, तेहेतीस अनारसे मोजून ताटात लावले होते. पाहुणे गेल्यावर मी तिच्यापुढे कागद ठेवला. आजीला वाचता येत नाही. मीच वाचून दाखवला. शेवटी थोडी चिडूनच म्हणाले, "तुला दुसरं नावच सुचलं नाही का गं, आज्जे?"

आजी चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी कशाला ठिवीन धोंडा? मला तर तुजं नाव लक्षिमी ठिवायचं हुतं. तुज्या आईला इचार."

आई भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. माझ्याआधी एक मुलगी झाली होती आणि नवव्या दिवशी गेली, एवढे मला अर्धवट ठाऊक होते. तिच्यानंतर एक मुलगाही झाला होता, हे मला त्या दिवशी कळले. त्याचे बारसे थाटात केले होते, पेढे वाटले होते आणि नाव ठेवले होते विश्वजित. "दीड महिना," आई म्हणाली. "एवढं मोठं नाव, कुणाच्या डोळ्यावर आलं कुणास ठावं. तुज्या येळंला मी कुणाचं ऐकलं न्हाई. तुला सुपात घातली, शेजारच्या काकीला पसाभर कोंड्याला इकली, नि तिच्याकडनं परत घेतली. म्हटलं, दगड म्हना, धोंडा म्हना, पर ऱ्हाऊ द्या."

नावाने मृत्यू फसत नाही, हे मला कळते. दवाखाना जवळ असता, वेळेवर उपचार मिळाले असते, तर ती दोघेही कदाचित आज माझ्याबरोबर धोंडे खायला बसली असती. हे मी आईला सांगू शकले असते. शिकलेली आहे ना मी! पण आई चौथीपर्यंत शिकलेली, वीस-बावीस वर्षांची, तिसऱ्यांदा कूस उजवलेली. तिच्याजवळ दुसरे काय होते? एक नाव होते. ते तिने माझ्याभोवती कुंपणासारखे घातले. मला मात्र एकोणीस वर्षे त्याचे काटेच तेवढे दिसले.

आईने हात धुतले, पदराला पुसले आणि कागद हातात घेऊन हलक्या आवाजात सावकाश एकेक अक्षर लावीत वाचला. मग म्हणाली, "चांगलं हाय नाव. बदल हवं तर. एकुणीस वर्सं झाली. आता न्हाई कोन न्हेत तुला."

मी सही केली नाही. कागद फाडलाही नाही. तो माझ्या पेटीत पुस्तकांखाली आहे. पुढे नोकरीसाठी हिंडताना कदाचित तो बाहेर काढावा लागेल, सांगता येत नाही. नाव बदलणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. पण प्रवेशअर्जावर मी 'धोंडाबाई' असेच लिहिले. मैत्रिणी अजून धनू म्हणतात. त्यांना मी सगळे सांगितले, तेव्हा त्यातल्या एकीने विचारले, "मग आता काय म्हणायचं गं तुला?" मी म्हटले, "धनूच म्हणा. पण कुणी विचारलं, तर पुरं नाव सांगा."

द्वितीय वर्षाच्या पहिल्या तासाला पुन्हा हजेरी झाली. नाव पुकारले गेले. मागे कोणीतरी खुसखुसलेच. मी उभी राहिले आणि म्हटले, "हजर."

— धोंडाबाई
द्वितीय वर्ष कला