योहान कीं जॉन ?

हजेरीपटांत ‘योहान’ असलेला विद्यार्थी चार इंग्रजी पुस्तकें वाचतांच ‘जॉन’ होऊं पाहतो. आईनें घरच्या नांवानें हांक मारिली असतां ओ देण्यास लाजतो. आम्ही त्यास सांगतों कीं, मूळ इब्री नांव ‘योहानान’, म्हणजे ‘परमेश्वर कृपाळू आहे’. ग्रीक व लॅटिन भाषांतही आरंभीं ‘य’च होता, ‘ज’ हा उच्चार इंग्रजींत फ्रेंचांकडून मागाहून आला. तेव्हां आईचीच हांक मुळास अधिक जवळची आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत, सिंदखेडराजा येथें, १५९८ सालीं जन्मलेल्या जिजाऊंचें नांव आपण कोणासाठीं बदलीत नाहीं. मग योहानानें तरी कां बदलावें? पालकांनींही पाहुण्यांसमोर मुलास त्याच नांवानें हांक मारावी.