मेरठची बॅट आणि तिच्यावरचे नाव

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना मेरठ हे गाव माहीत असते ते हस्तिनापूरच्या वाटेवरचे ठिकाण म्हणून. दिल्लीहून निघालेली बस येथे थांबते, यात्रेकरू चहा घेतात, गजक आणि रेवडीचे पुडे पिशवीत टाकतात आणि पुढच्या सुमारे 40 किलोमीटरांच्या रस्त्याला लागतात. कोणी फारच चौकस असेल तर 1857 च्या उठावाची ठिणगी येथील छावणीत पडली याची आठवण काढतो. एखादी गृहिणी येथील प्रसिद्ध कात्रीची चौकशी करते. परंतु ज्यांच्या घरात क्रिकेटवेडा मुलगा आहे आणि ज्यांच्या अंगात व्यापार मुरलेला आहे, अशांनी या शहरात एक दुपार राखून ठेवावी आणि सूरजकुंडच्या बाजूला फेरफटका मारावा.

सूरजकुंड मार्गावर ओळीने खेळाच्या साहित्याची दुकाने आहेत. पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, कॅरमचे बोर्ड, दोरीवरच्या उड्यांच्या दोऱ्या असे सर्व काही येथे मिळते. मात्र मान आहे तो बॅटीला. दुकानाच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत उभ्या लावलेल्या बॅटी पाहिल्या म्हणजे कापडबाजारातील ताग्यांच्या राशींची आठवण होते. मागच्या गल्ल्यांत लहानमोठे कारखाने आहेत. तेथून रंध्याचा आवाज येतो आणि पांढरट भुसा उंबरठ्यापर्यंत पसरलेला असतो.

हा धंदा मूळचा मेरठचा नव्हे. तो आला सियालकोटहून. फाळणीपूर्वी खेळाच्या साहित्यासाठी सियालकोटचे नाव जगभर होते. 1947 साली तेथील हिंदू व शीख व्यापारी आणि कारागीर जे हाती लागले ते घेऊन निघाले. काही जालंधरला स्थिरावले, काही मेरठला आले. आज 'एसजी' या दोन अक्षरांनी ओळखली जाणारी पेढी 1931 साली केदारनाथ आणि द्वारकानाथ आनंद या बंधूंनी सियालकोटमध्ये सुरू केली होती; ती आग्र्याचा मुक्काम करून मेरठला आली. 'एसएस' या नावाची सरीन यांची पेढी 1969 सालची, म्हणजे मेरठमध्येच जन्मलेली. घर, दुकान, वसुली, सारे सीमेपलीकडे राहिले. बरोबर आले ते हातातील कसब आणि परदेशी गिऱ्हाइकांचे पत्ते. तेवढ्या भांडवलावर एका शहराचा उद्योग उभा राहिला. उत्तर प्रदेश सरकारने 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजना आणली तेव्हा मेरठपुढे खेळाचे साहित्य लिहिले गेले, यात नवल नाही.

एक गंमत येथे सांगितली पाहिजे. बॅटीच्या या शहराने भारताला जे नामवंत खेळाडू दिले, ते प्रवीण कुमार आणि भुवनेश्वर कुमार, दोघेही गोलंदाज! त्यांच्या शहरातील व्हिक्टोरिया पार्कचे मैदान आता भामाशाह पार्क म्हणून ओळखले जाते. महाराणा प्रतापांपुढे आपली थैली रिकामी करणाऱ्या भामाशाहांचे नाव एका क्रिकेटच्या मैदानाला लाभावे, ही गोष्ट व्यापारी घरातील वाचकाला सुखावणारी आहे.

आता मालाकडे वळू. चांगली बॅट ज्या विलो झाडाच्या लाकडाची होते ते झाड इंग्लंडमध्ये, विशेषतः एसेक्स परगण्याच्या आसपास, पाणथळ जागी ओढ्यांच्या काठाने वाढवले जाते. तेथील जे. एस. राइट अँड सन्स ही पेढी 1894 पासून हाच एक व्यवसाय करते. झाड लावल्यावर सुरुवातीची काही वर्षे खोडावर फुटणारे कोंब हाताने खुडून काढावे लागतात. न खुडल्यास त्या ठिकाणी गाठ धरते आणि गाठीचे लाकूड बॅटीला चालत नाही. पंधरा-वीस वर्षांनी झाड तोडणीस येते. त्याचे ओंडके करून उभ्या फाका काढतात. व्यापारात त्यांना 'क्लेफ्ट' म्हणतात. टोकांना मेण लावून ते वाळवतात, पारखून त्यांची प्रतवारी लावतात आणि मग ते जहाजाने भारतात येतात. आजोबाने लावलेल्या झाडावर नातवाने धंदा करावा असा हा व्यवहार आहे.

काश्मीरमध्येही विलो होतो. श्रीनगरहून खाली येताना संगम आणि बिजबिहाडा या भागात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्लेफ्टच्या चौकटीदार राशी उन्हात रचलेल्या दिसतात. काश्मिरी लाकूड अधिक घट्ट आणि जड असते. शाळकरी मुलांच्या आणि मोहल्ल्यातील सामन्यांच्या बॅटी बहुतेक त्याच्याच. व्यावसायिक खेळाडू मात्र इंग्लिश विलोच मागतो.

या धंद्यातील खरी जोखीम खरेदीतच आहे. क्लेफ्ट पौंडांत विकत घ्यायचा, महिनोन्महिने गोदामात ठेवायचा आणि रंधा फिरेपर्यंत त्याच्या पोटात काय आहे हे कळत नाही. वरून पहिल्या प्रतीचा वाटलेला तुकडा तासता तासता मधोमध तपकिरी डाग दाखवतो आणि क्षणात तिसऱ्या प्रतीचा होतो. बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो तुकडा खरेदीच्या भावाने दाखवलेला असतो! मालाच्या तारणावर कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला गोदामात उभे राहून त्या लाकडाची खरी किंमत सांगता येईल काय? ती सांगू शकतो तो फक्त कारागीर. आणि तोही तासल्यानंतर.

कारागिराचे काम पाहण्यासारखे असते. प्रथम क्लेफ्टची पुढची बाजू मोठ्या दाबाच्या रोलरखालून काढतात. विलो मऊ असतो. दाबला नाही तर चेंडूच्या पहिल्याच फटक्याने त्याला खड्डा पडेल, आणि जास्त दाबला तर चेंडू उसळणार नाही. हा दाब किती द्यायचा, यातच निम्मी विद्या. नंतर वरच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच घेऊन तिच्यात वेताचा दांडा सरसाने बसवतात. दांडा एकसंध नसतो. वेताच्या पट्ट्यांमध्ये रबराचे पातळ थर घालून तो केलेला असतो, म्हणजे फटक्याचा हादरा हातापर्यंत पोचत नाही. लाकडात वेत बसवण्याची ही युक्ती एकोणिसाव्या शतकातील चार्ल्स रिचर्डसन यांची. ते सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचे अभियंता होते. यानंतर कारागीर दोन्ही हातांनी ओढायचा सुरा घेतो आणि पाठीचा फुगवटा, कडा, खांदे यांना आकार देतो. मग रंधा, मग पॉलिश पेपर, मग दांड्यावर दोऱ्याची घट्ट वीण.

खेळाडूची बॅट याच टप्प्यावर इतरांपासून वेगळी होते. दुकानातील बॅट कोणासाठीही असते. ही एकाच्याच हातासाठी. भारतातील खेळपट्टीवर चेंडू खाली राहतो, म्हणून येथील फलंदाज फुगवटा खाली ठेवायला सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यापूर्वी तोच खेळाडू तो थोडा वर मागतो. कोणाला दांडा गोल हवा, कोणाला अंडाकृती, कोणाला दोन ग्रिप चढवून जाड. वजनाची भाषा अजून पौंड आणि औंसांचीच आहे. बहुतेकांची बॅट अडीच ते पावणेतीन पौंडांच्या, म्हणजे सव्वाअकराशे ते साडेबाराशे ग्रॅमच्या दरम्यान असते. सचिन तेंडुलकर यांची बॅट तीन पौंडांहून जड होती, हे प्रसिद्ध आहे. एक औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. तेवढ्या फरकावरून बॅटी परत येतात. तराजूवर दोन बॅटी सारख्या भरल्या तरी हातात एक हलकी आणि एक जड लागू शकते, कारण भार कोठे आहे यावर ते ठरते. या जाणिवेला माप नाही. कारागीर बॅट उचलतो, हवेत एकदा फिरवतो, पुन्हा खाली ठेवून दोनचार पात्या काढतो.

मापे आहेत ती नियमांची. बॅट 38 इंचांहून लांब आणि सव्वाचार इंचांहून रुंद असता कामा नये, हे जुने. 2017 च्या ऑक्टोबरपासून जाडीवरही बंधन आले: कड 40 मिलिमीटर, पाठीचा फुगवटा धरून एकूण जाडी 67 मिलिमीटर. पंचांकडे एक चौकट असते, तिच्यातून बॅट सरकली पाहिजे. पाते लाकडाचेच हवे, या नियमामागे डेनिस लिली यांची ॲल्युमिनियमची बॅट आहे. 1979 च्या डिसेंबरात पर्थच्या कसोटीत ते ती घेऊन उतरले, चेंडूचा आकार बिघडतो अशी इंग्लंडच्या कर्णधाराने तक्रार केली आणि मैदानावर बराच वेळ वाद चालला.

बॅट तयार झाली की तिच्यावर पेन्सिलीने वजन आणि खेळाडूच्या नावाची खूण लिहितात. मग स्टिकर लागते. व्यापारी मनाला सर्वांत अधिक विचार करायला लावणारी जागा हीच.

पूर्वी बॅटीवर तिच्या निर्मात्याचेच नाव असे. सुनील गावसकर यांच्या हाती एसजीची बॅट होती आणि त्यांच्या लाडक्या नावाशी जोडलेली 'सनी टॉनी' आजही विकली जाते. ज्याने माल केला त्याचेच नाव, आणि ज्याचे नाव त्याचीच जबाबदारी, असा सरळ हिशेब होता. 1996 च्या विश्वचषकात तेंडुलकर यांनी सर्वाधिक 523 धावा केल्या, त्या कोऱ्या बॅटीने. तिच्यावर कोणाचेच स्टिकर नव्हते. जगातील सर्वांत जास्त पाहिली जाणारी ती जागा मोकळी होती! स्पर्धा संपल्यावर चेन्नईच्या एमआरएफ या टायर कंपनीने ती घेतली. त्यानंतर गल्लोगल्ली मुले साध्या बॅटीवर स्केचपेनने ती तीन अक्षरे रंगवू लागली. टायरची कंपनी बॅट बनवत नव्हती; पण मुलाच्या डोळ्यांत बॅट तिचीच होती. पुढे त्याच कंपनीने 2017 साली विराट कोहली यांच्याशी आठ वर्षांचा करार केला आणि त्याची रक्कम सुमारे 100 कोटी रुपये असल्याचे वृत्तपत्रांनी छापले. मुंबईच्या सिएट कंपनीचे नाव रोहित शर्मा यांच्या बॅटीवर आले. तीही टायरचीच कंपनी.

या व्यवहारात गैर काही नाही. शतक झाले, बॅट उंचावली, की कोट्यवधी डोळे त्या चार इंच रुंद पट्टीवर खिळतात. त्या क्षणाचे मोल जाहिरातदार देतो. पण ती बॅट ज्याने घडवली तो या चित्रात कोठे आहे? अनेकदा बॅट एका पेढीची आणि नाव दुसऱ्याचे असते. हिशेबशास्त्राची एक जुनी अडचण येथे आठवते. स्वतः कमावलेली पत ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. विकत घेतलेली दाखवता येते. मेरठच्या कारागिराची पत पहिल्या प्रकारची आहे. ती वहीत नाही. गल्लीतील इतर कारागिरांना मात्र पक्की ठाऊक असते की अमुक खेळाडूची बॅट कोणाच्या हातची.

महेंद्रसिंह धोनी यांनी याबाबतीत केलेली एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 2019 च्या विश्वचषकात त्यांच्या बॅटीवर वेगवेगळ्या सामन्यांत वेगवेगळ्या पेढ्यांची स्टिकरे दिसली. पडत्या काळात, नाव नसताना ज्यांनी बॅट पुरवली त्यांचे ते ऋण होते, आणि त्यासाठी त्यांनी पैसे घेतले नाहीत, असे त्यांच्या व्यवस्थापकांनी सांगितले. जालंधरच्या 'बॅस'ने त्यांना सुरुवातीच्या दिवसांत साहित्य दिले होते. 2024 साली सरावाच्या वेळी त्यांच्या बॅटीवर 'प्राइम स्पोर्ट्स' हे नाव झळकले. ते रांचीतील एका जुन्या मित्राच्या दुकानाचे होते. ज्या पट्टीला कोट्यवधींचा भाव मिळाला असता, ती एका दुकानदाराला मैत्रीखातर मिळाली. त्या जागेवर वाटेल ते लिहिता येते, असे मात्र नाही. 2023 च्या डिसेंबरात उस्मान ख्वाजा यांनी शांततेचे कबूतर लावण्याची परवानगी मागितली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ती नाकारली.

सूरजकुंडच्या दुकानांत मुलाचा हात धरून आलेल्या पालकांनी हे सारे लक्षात ठेवावे. मुलगा स्टिकर पाहील. ते साहजिक आहे. वडिलांनी स्टिकर झाकून बॅट पाहावी. रेषा सरळ वरून खालपर्यंत गेल्या आहेत काय, दांडा आणि पाते जुळतात तेथे फट आहे काय, बुडाशी चीर आहे काय, आणि मुलाला ती एका हाताने सहज उचलता येते काय. पाच औंस जास्त वजनाची नामांकित बॅट बारा वर्षांच्या मुलाच्या मनगटाचे नुकसान करते. घरी नेल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात आणि लाकडी हातोड्याने काही दिवस हलके ठोकणे, एवढे केल्याशिवाय नवा चेंडू दाखवू नये. बाजारात सुटी स्टिकरेही मिळतात, हेही माहीत असलेले बरे.

या बॅटींचा शेवट पुष्कळदा आपल्या मुंबईत होतो. ग्रँट रोड भागात जुन्या बॅटी दुरुस्त करणारे कारागीर आहेत; मोठमोठ्या खेळाडूंच्या आवडत्या बॅटी त्यांच्याकडे येऊन गेल्या आहेत. खेळाडूला नवी बॅट फुकट मिळत असते, तरी तो चिरलेली जुनीच सांधून मागतो. कारागीर आधी स्टिकर सोलून काढतो. खाली पांढरे लाकूड, चेंडूचे लाल ठसे, आणि क्वचित मेरठच्या कोणा हाताने पेन्सिलीने लिहिलेला वजनाचा आकडा. तो चिरेत सरस भरतो, वर दोरा आवळून बांधतो आणि बॅट रात्रभर सुकायला भिंतीशी उभी करतो.