जुळवणी

फायबरग्लासला गंज चढत नाही, ते पोलादाहून पुष्कळ हलके असते आणि घरच्या साच्यातही घडविता येते. १९५३ साली अमेरिकेतील शेवरोले कंपनीने आपल्या पहिल्या ३०० कॉर्व्हेट गाड्यांची अंगे याच द्रव्याची केली होती. मात्र साच्यातून निघालेला भाग आणि गाडीची नळ्यांची चौकट यांचे पहिल्या भेटीत क्वचितच जमते. राळ घट्ट होताना आकसते, वेल्डिंगच्या उष्णतेने चौकटही किंचित ओढली जाते. म्हणून जुळवणीला दोन माणसे लागतात. एकाने धरायचे, दुसऱ्याने खूण करायची.

कोल्हापुरात माझा धाकटा भाऊ घरामागच्या शेडमध्ये शर्यतीची गाडी बांधत होता. वाटणीनंतर तीन वर्षे आमचे बोलणे नव्हते. एके दिवशी पुतण्या आला. म्हणाला, "आण्णा, गाडीचं नाक एकट्यानं बसत नाही. बाबांनी पाठवलेलं नाही, मीच आलोय."

मी गेलो. गाडी चाकांवर उभी करून आसनात पुतण्याला बसविले, कारण वजन पडल्यावर चौकट खाली बसते आणि रिकाम्या गाडीची मापे खोटी ठरतात. मधोमध दोरा ताणून सर्व भाग चिकटपट्टीने टांगले. चाके दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कोठे घासतो ते पाहिले. त्यानंतरच भोके पाडली. ती किंचित सैल ठेवून मागे रुंद वायसर दिले, कारण आवळलेले फायबर तडकते.

पुढे मास्क लावून घासणे सुरू झाले. ८०, १८०, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर. प्रायमरवर काळ्या रंगाचा पुसट फवारा मारून ठोकळ्याने घासले, की काळे उरेल तेथे खळगा समजावा. डाव्या बाजूची फट मात्र बोटभर राहिली होती.

"पुट्टीनं बुजवू या," पुतण्या म्हणाला.

"जाड पुट्टी हादऱ्यानं सुटते," भाऊ म्हणाला. "कडच नव्यानं बांधायची."

आम्ही कड खरवडली, मागून काचतंतूंची मॅट आणि राळ यांचे थर चढविले. राळ वाळेपर्यंत हाताला काम नव्हते. बऱ्याच वेळाने त्याने खाली पाहतच विचारले, "विहिरीचं काय करायचं, आण्णा?"

वादाचे मूळ तीच विहीर होती. राळ घट्ट होईपर्यंत आम्ही बोलत राहिलो. आता पाणी एक दिवस त्याच्या शेताला, एक दिवस माझ्या.