आठवी पास, पुढे नापास कोण? हायस्कूल तगून काढण्याचे आमचे नियम



दहावीनंतर काय करावं हे सांगणारे क्लासवाल्यांचे बॅनर घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत लटकत असतात. पण दहावीपर्यंत पोचायचं कसं, हे कुणी सांगत नाही. ते आम्ही सांगतो. आम्ही म्हणजे टॉवरच्या मागच्या चाळीतली पोरं. आमच्या आया त्या टॉवरमध्ये कामाला जायच्या आणि आम्ही आरटीईच्या २५ टक्क्यांतून त्याच टॉवरमधल्या मुलांबरोबर एका वर्गात बसायचो. आम्ही सगळेच तरलो असं नाही. जे तरलो, त्यांचे हे नियम.

नियम पहिला : ‘कुठल्या कॉम्प्लेक्समध्ये राहतोस?’

पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. ‘मानपाड्याला’ म्हटलं की समाधान होत नाही, कॉम्प्लेक्सचं नाव लागतं. ते मिळालं नाही की पुढचा प्रश्न आडनावाचा. तेही सांगून झालं की ‘म्हणजे नक्की कोण?’ तीन प्रश्नांत तपास पूर्ण. इथे गुळमुळीत उत्तर देऊ नका, नाहीतर हा तपास दहावीपर्यंत चालतो. पहिल्याच प्रश्नाला पत्ता, आडनाव आणि ‘जय भीम’ एकदम देऊन टाका. समोरच्याला विचारायला काही उरत नाही आणि त्याचा डबा निवांत खाऊन होतो.

नियम दुसरा : ट्रॅफिक सगळ्यांना सारखं नसतं

घोडबंदर रोडवर कंटेनर, खड्डे आणि मेट्रोचं काम यांनी सगळ्यांचीच वाट अडवली. पण शाळेची एसी बस उशिरा आली तर त्याला ‘ट्रॅफिक’ म्हणतात आणि टीएमटीतून लोंबकळत आलेला मुलगा उशिरा आला तर ‘बेशिस्त’. हा भौतिकशास्त्राचा नियम पुस्तकात नाही. उपाय एकच : अर्धा तास आधी निघा आणि उशीर झालाच तर डायरीत कारण लिहून सही घ्या. तोंडी कारण फक्त बसवाल्यांचं चालतं.

नियम तिसरा : बाबासाहेबांची मार्कशीट पाठ करा

घरात फोटो आहे, त्याला हार आहे. मार्कशीट मात्र कुणी सांगत नाही. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून बाबासाहेब मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण मिळवून. आजच्या हिशोबात ३८ टक्केही नाहीत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. संस्कृत शिकायचं होतं, ते नाकारलं गेलं, म्हणून फारसी घ्यावी लागली. गुरुजींनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुलं ते उचलायला धावली.

तेव्हा चाचणीत ४० टक्के पडले म्हणून ‘तुमच्यात डोकंच नसतं’ असं कुणी म्हणालं, तर हा आकडा सांगा. पण तो अभ्यास न करण्याचा परवाना म्हणून वापरू नका. आमच्यात असेही वीर झाले, जे जयंतीला सलग १८ तास अभ्यासाला बसले आणि उरलेले ३६४ दिवस त्या थकव्यातून सावरत राहिले.

नियम चौथा : जातीचा कागद नववीतच शोधा

वर्गाला आपली जात पाच मिनिटांत कळते. सरकारला ती कळायला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा लागतो. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला जातीचं प्रमाणपत्र, पुढे इंजिनिअरिंग-मेडिकलला व्हॅलिडिटी. घोडबंदरच्या वस्त्यांतली बरीच घरं मराठवाडा, विदर्भ, कोकणातून आलेली. कागद तिकडे राहिलेले. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजोबांच्या शाळेचा दाखला शोधा. आजोबांना शाळेत बसूच दिलं नसेल, तर कोतवाल बुकाची नक्कल काढा. शाळेच्या रजिस्टरमध्ये आपलं नाव, जन्मतारीख आणि जात कशी लिहिली आहे, हेही दहावीचा फॉर्म भरण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एका वेलांटीपायी आमच्यातल्या एकाने तहसील कार्यालयाच्या इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी शिपाई त्यालाच इतरांना रांग लावायला सांगू लागला.

नियम पाचवा : आठवीचा निकाल म्हणजे नोटीस समजा

आता हसणं थांबवू. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंतचा आहे. त्यातली २५ टक्के जागांची मोफत सोय आठवीला संपते. म्हणजे पहिलीपासून ज्या बाकावर बसलो, त्याच बाकाची नववीत पूर्ण फी भरायची. आमच्या वर्गातल्या आरटीईच्या मुलांपैकी मोजकीच नववीत त्या शाळेत उरली. काहींनी अनुदानित शाळा शोधली, काही रात्रशाळेत गेली, काही थेट डिलिव्हरीच्या गाडीवर बसली. त्यांचं डोकं कमी नव्हतं. शाळेने त्यांना काढलंही नाही. कायद्यानेच हात सोडला.

म्हणून आठवीच्या दिवाळीतच आईवडिलांना हे सांगा. जवळच्या अनुदानित आणि महापालिकेच्या माध्यमिक शाळांची चौकशी करा. नववी-दहावीच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज शाळेमार्फतच जातो. शाळा विसरली तर आठवण करून देणं हा उद्धटपणा नाही.

नियम सहावा : एकटे तगू नका

वरचे पाचही नियम एकट्या मुलाला झेपणारे नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना २५ टक्क्यांतून सूट दिली होती. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. घरात बसून कुरकुरण्याने हे झालं नसतं.

आपल्या विहारात दिवा लागतो, पंखा आहे, संध्याकाळी खोली रिकामी असते. तिथे रोज दोन तास अभ्यासिका चालवा. कॉलेजच्या पोरांनी पाळीने गणित-इंग्रजी शिकवा, एक जण फक्त कागदपत्रांचं बघा. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात नववीतल्या किती पोरांची वह्या-पुस्तकं येतात, हा हिशोब जयंती समितीच्या बैठकीत मांडा. शिव्या पडतील, पण मांडा.

आणि मागणी एकच लावून धरा : शिक्षण हक्क कायदा आठवीवर थांबता कामा नये, तो बारावीपर्यंत न्या. २०२०चं राष्ट्रीय धोरण माध्यमिकपर्यंत सगळ्यांना शाळेत आणण्याची भाषा करतं; मग कायद्यातलं वय अजून १४ वरच का अडकलंय? घोडबंदरचं ट्रॅफिकसुद्धा कधीतरी सुटतं. हा प्रश्न आपण ढकलल्याशिवाय हलणार नाही.

आम्ही नियम सांगितले, कारण आज मुलांना तगावं लागतं. पण शाळा ही शिकायची जागा आहे. तिथे मुलांना तगण्याचे उपाय लागू नयेत आणि पुढच्या पोरांना हा लेख फक्त गंमत म्हणून वाचता यावा, यासाठी लढायचं आहे.

जय भीम!