चांगल्या दिवशी थांब

आमगाव, 4 डिसेंबर

चि. बाई,


तू विचारलंस एवढंच : "मामाजी, चालायला सकाळी जाऊ की संध्याकाळी?" त्याचं उत्तर एका ओळीचं आहे आणि ते पुढे येईलच. पण त्या प्रश्नाच्या वर जे लिहून ठेवलंस, ते वाचून मी चष्मा काढला आणि अंगणात दोन चकरा मारून आलो. "रविवारी अंग अगदी हलकं वाटलं म्हणून तलावाच्या पाळीवरून पार टोकापर्यंत गेले. परत आल्यावर साचलेले कपडे धुतले, चादरीसुद्धा. सोमवारपासून पडून आहे." आणि पुढे हसरा चेहरा! वर पुन्हा ताकीद, आईला सांगू नका. मी कशाला सांगू? ताईच्या कानावर आधीच गेलंय. नवेगावात खोकललं तर आमगावात ऐकू येतं. एवढं सगळं मोबाइलवर लिहायला माझा अंगठा धजत नाही, म्हणून हे पत्र.

रागावलोय, ते तर दिसतंच आहे. पण आनंदही झालाय, तोही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणशील मामाजी फक्त झाडतात. गेली दोन वर्षं "माझ्यानं नाही होत" याच्यापलीकडे तुझ्या तोंडून शब्द नव्हता. शिलाई मशीन, खाट, दवाखाना, पुन्हा मशीन. त्या पोरीला आपण होऊन पाळीवर जावंसं वाटलं! कोलू पाटील कोहळ्यानं ती पाळ बांधली तेव्हा त्याला काय ठाऊक की पुढे माझी भाची तिच्यावर आपला जीव आजमावायला जाणार आहे.

आता नीट ऐक. तुझं दुखणं सोमवारचं नाही, रविवारचं आहे. वाईट दिवशी तू पडून राहतेस, त्याला कोणी नाव ठेवणार नाही. नुकसान होतं ते चांगल्या दिवशी. बरं वाटलं की महिन्याभराची कामं एका दिवसात उरकायची, मग चार-पाच दिवस खाटेवर. खाटेवर पडलं की मांड्या-पोटऱ्या आणखी सैल, दम आणखी कमी, म्हणजे पुढच्या वेळी त्याहून थोड्यात दुखणार. नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी अख्खी बांधी चिखलायला कोणी जुंपतं का? शाळेत पोरांना मैदानावर पळवण्यात माझा जन्म गेला. पळायला कोणालाही शिकवता येतं गं. हुरूप असताना थांबायला शिकवणं, ही खरी मास्तरकी.

ताईचं म्हणणं तुला पाठ आहे : आम्ही कधी व्यायाम केला, आमचा रोवणा हाच व्यायाम. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. रोवणा म्हणजे व्यायाम नव्हे, रोवणा म्हणजे रोवणा. दिवसभर कमरेतून वाकायचं, पाय चिखलात, हातात पऱ्ह्यांची पेंडी, आणि बायांच्या रांगेसोबत मागे मागे सरकत जायचं. गुत्त्यानं घेतलेली बांधी असली तर कंबर धरली म्हणून कोणी धुऱ्यावर जाऊन बसू शकतं का? रांग थांबत नाही. शेजारची पुढे निघून जाते आणि मग बोलणी. तुझं मशीनही तसंच, दिवाळीच्या आधी गिऱ्हाईक थांबत नाही. म्हणून आपल्याकडच्या बायांना थांबायची सवयच उरलेली नाही. थांबलं म्हणजे कामचोरपणा, हे हाडात मुरलंय. ज्यात केव्हा थांबायचं ते तूच ठरवतेस, तोच तुझा व्यायाम. बाकी सगळी मजुरी, मग ती शेतातली असो की घरातली. रविवारी त्या चादरींनी तुला मजूर केलं.

आणि तुझं शरीर चारचौघींसारखं नाही, हे विसरून चालत नाही. सिकलसेलचं मी तुला काय सांगणार, ऑक्सिजन कमी पडला, पाणी आटलं, अंग गारठलं की पेशी वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात, हे तू नववीतच मला समजावून सांगितलं होतंस. पण पाण्याचं एक सांगतो. तुमच्या मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, म्हणून तहान लागो न लागो, पाणी अंगातून जात राहतं. निघायच्या आधी पाणी, मधे पाणी, आल्यावर पाणी. बाटली नसेल तर उंबरठा ओलांडायचा नाही. आणि गारठ्याचं म्हणशील तर हाजराफॉलची ती रात्र तू विसरली असशील, मी नाही. थंड पाण्याखाली मैत्रिणींसोबत उभी राहिलीस आणि पहाटेपर्यंत ताई तुझे पाय शेकत बसली होती.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर : आता थंडीत सकाळी नाही. विदर्भात पारा सगळ्यात खाली गेला की पेपरात पुष्कळदा गोंदियाचंच नाव असतं, आणि तलावाकाठी तर गारवा आणखी. ऊन चढू दे, दहाच्या सुमारास निघ, नाहीतर चार वाजता. अंगात स्वेटर, पायात मोजे. एप्रिल-मेमध्ये उलट, झुंझुरकाच जायचं आणि ऊन तापायच्या आत घरात. झालं तुझं उत्तर.

पण चालणं पहिल्या आठवड्यात नकोच. खुर्चीवर बस. टाचा वर, चवडे वर, सावकाश. गुडघा सरळ करून थोडा धरायचा, सोडायचा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं, जमेल तितकंच. श्वास रोखायचा नाही. तोंडानं बोलता आलं पाहिजे, धाप लागली की जास्त झालं. मग पाच मिनिटं ओसरी ते आखर. घड्याळ लावून! पाच झाली की परत, कितीही हुरूप असला तरी. वाईट दिवशी दोन मिनिटं, पण चांगल्या दिवशी पंधरा नाहीत. आठवडा सुरळीत गेला तरच एक-दोन मिनिटं वाढव. दुसऱ्या दिवशी थोडे स्नायू दुखले तर घाबरू नको, ते चालायचंच. पण दुखू नये म्हणून आधीच गोळी गिळून चालायला निघायचं नाही. शरीर ओरडत असेल तर ते ऐकू यायला हवं. आणि ताप आला, छातीत दुखलं, श्वास लागला, हातापायातली शक्ती गेली किंवा नेहमीचा दुखण्याचा क्रायसिस सुरू झाला, तर व्यायाम वगैरे सोडून थेट दवाखाना.

असल्या आजारात हालचाल करावी का, अशी शंका तुझ्या सासूबाईंना आहे. जुनी माणसंच कशाला, डॉक्टरही वर्षानुवर्षं जपूनच सांगत आले. पण 2018 मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एक अभ्यास छापला. सिकलसेलच्या मोठ्या माणसांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली बेताची सायकल चालवायला लावली. जोर किती लावायचा हे प्रत्येकाच्या रक्तातलं लॅक्टेट मोजून ठरवलं. त्यांना ते झेपलं, दमही वाढला, आणि पुढच्या तपासणीत स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं दाट झालेलं दिसलं. हुरळू नको, गंभीर गुंतागुंत असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं, आणि तिथे मोजायला यंत्रं होती. तुझ्याकडे घड्याळ आहे आणि मी आहे.

इथे मला बोलू दे, मग तू कंटाळलीस तरी चालेल. नागपूरकडच्या लोकांत सिकलसेलचं रक्त आहे, असं डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी 1958 मध्येच लॅन्सेटमध्ये लिहिलं. 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि 2047 पर्यंत आजार संपवण्याचं लक्ष्य ठेवलं. चांगलंच आहे, तपासणी हवीच. लग्नाआधी जावईबापूंची इलेक्ट्रोफोरेसिस झाल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत म्हणून मी अडून बसलो, तेव्हा तुझ्या काकांनी माझ्याशी किती काळ अबोला धरला होता! पण ज्यांना आजार आहेच, त्यांचं काय? गोळी मिळते, कार्ड मिळतं, वेळेला रक्त मिळतं. पाय कसा उचलायचा, किती उचलायचा, हे सांगणारा माणूस कुठे आहे? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा, ही माझी मागणी मी भेटेल त्याला ऐकवतो आणि लोक मान डोलावून चहा पितात. एका शाळेत तर असा मुलगा मैदानात मागे राहायचा म्हणून त्याला जादा फेऱ्या मारायला लावल्याचं मी पाहिलंय. आळशी म्हणे! पोराच्या ओठाला पाणी नव्हतं.

जाऊ दे. हे सगळं लिहीत असताना एक गोष्ट मनातून जात नाही. तुझ्या निरोपाच्या शेवटी तू सहज लिहून गेलीस, "डाव्या जांघेत कळ येते, पण ती मशीनची असेल." बाई, हे मशीनचं आहे हे तू कशावरून ठरवलंस? सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा अडतो आणि हाड आतून खचू लागतं. त्याची कळ बरेचदा जांघेतच येते, कधी नुसती गुडघ्यात. सुरुवातीला एक्स-रे साफ दिसू शकतो, एमआरआयमध्ये कळतं. लवकर कळलं तर काठी, वजन बेतानं टाकणं, ठरावीक व्यायाम, असं काही करता येतं. उशीर झाला तर गोष्ट ऑपरेशनवर जाते. असेलच असं नाही. मशीनचंही असेल. पण डॉक्टरांनी खुबा पाहीपर्यंत पाळ बंद, ओसरी ते आखरही बंद. बसल्याबसल्या टाचा-चवडे तेवढे चालू ठेव, आणि मशीनचं पायडल आठवडाभर डाव्या पायानं मारू नको. गिऱ्हाइकाला सांग, मामाजींनी मना केलंय. हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र कोणी काही म्हटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही.

शनिवारी बल्लारशाहच्या गाडीनं मी येतो. आधी अर्जुनीला ग्रामीण रुग्णालयात दाखवू. एमआरआय सांगितला तर माझ्यासोबत गोंदियाला चल, मुक्काम आमच्याकडेच. जुने सगळे कागद एका पिशवीत काढून ठेव, मागच्या वेळसारखी शोधाशोध नको. ताईला मी सांगेन की नवेगावला पक्षी बघायला चाललोय. तिचा विश्वास बसणार नाही, ते आपण तेव्हा पाहू.

त्याआधी मला आजच कळव : उकिडवं बसल्यावर ती कळ वाढते का? जिना चढताना? रात्री कूस बदलताना जाग येते का? आणि किती दिवसांपासून आहे, खरं खरं.

तुझा,
मामा