घराचा वास

प्रत्येक घरास स्वतःचा असा एक वास असतो. आणि चमत्कार हा कीं, तो त्या घरच्या माणसांखेरीज सर्वांस येतो. नाकाचा धर्मच असा आहे कीं, एकच वास सतत येऊं लागला म्हणजे कांहीं मिनिटांत तें त्याची दखल घेणें सोडतें. चार दिवस परगांवीं राहून परत यावें, आणि कुलूप काढतांच पहिल्या श्वासांत जो वास येईल तो आपल्या घराचा खरा वास समजावा. ज्या वाचकांस धैर्य असेल त्यांनीं ही परीक्षा अवश्य करून पाहावी.

आमचें बिऱ्हाड वाघोलीस. पुणें-अहिल्यानगर रस्त्यावरील हें गांव वाघेश्वराच्या देवळासाठीं आणि दगडाच्या खाणींसाठीं प्रसिद्ध. (याच खाणींत कॅव्हन्साइट नांवाचें निळेंभोर खनिज सांपडतें, आणि त्याच्या उत्तम नमुन्यांसाठीं आमच्या गांवाचें नांव परदेशांतील संग्राहकांच्या तोंडीं असतें; गांवांत मात्र तें फार थोड्यांस ठाऊक आहे.) सन २०२१ मध्यें गांव पुणें महानगरपालिकेंत आलें. इमारती उंच झाल्या, वाहनें अगणित झालीं, आणि धुळीच्या भयानें आम्हीं खिडक्या लावून घेतल्या. लावलेल्या खिडक्यांच्या आंत कालची फोडणी, ओले पंचे, चपलांचें कपाट आणि मोरी यांचा संगम होतो. त्यावर बाजारांतून सुगंधी फवाऱ्याची डबी आणावयाची, हा सर्वमान्य उपाय. परंतु फवारा दुर्गंध घालवीत नाहीं. त्याच्यावर दुसरा वास चढवितो, आणि घटकाभरानें दोन्ही मिळून येऊं लागतात.

आमच्या घरीं तर हा मार्ग मुळांतच बंद होता. मातोश्रींनीं आयुष्याचीं तीस वर्षें चुलीपुढें काढलीं, आणि आतां त्यांस दोन जिने चढवत नाहींत. डॉक्टरांनीं बजावून सांगितलें कीं, घरांत धूर नको, फवारे नकोत, उदबत्तीही नको. उदबत्तीच्या धुरांतील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात, हें मी वर्गांत शिकवीत आलों आहें. परंतु संध्याकाळीं निखाऱ्यावर ऊद घालणें हा मातोश्रींचा माहेरापासूनचा परिपाठ. "अरे, आपल्याकडे देव्हारा नाहीं म्हणून काय झालें? दिवेलागणीला घरांत कांहीं दरवळूं नये का?" असें त्यांनीं विचारलें, तेव्हां शास्त्राचें पुस्तक माझ्या कांहीं उपयोगीं पडलें नाहीं.

म्हणून आम्हीं उलट वाट धरिली. सुवास मागाहून, आधीं दुर्गंध येतो कोठून तें शोधावयाचें. पहिला सांपडला तो न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघराच्या जाळींत. जाळीखालच्या वांकड्या नळींत थोडें पाणी साठून राहतें आणि तेंच गटाराच्या वायूस अडवितें. उन्हाळ्यांत तें आटलें कीं वायूस दार मोकळें. आठवड्यांतून एकदां तांब्याभर पाणी ओतलें कीं काम झालें. टँकरचें पाणी विकत घेणाऱ्या आमच्यासारख्यांनीं भाजी धुतलेलें पाणी ओतावें. वांकड्या नळीस तेवढें पुरे.

वाऱ्याचें गणित लोक विसरतात. एक खिडकी सताड उघडून वारा येत नाहीं. येणाऱ्यास जाण्याचीही वाट लागते. समोरासमोरच्या दोन खिडक्या पहांटे, रस्ता जागा होण्यापूर्वीं, अर्धा तास उघडल्या म्हणजे रात्रीचा कोंदटपणा निघून जातो, आणि धूळही बेताचीच येते.

रविवारीं आमच्याकडे सुके बोंबील होतात ही वार्ता जिन्यांत सर्वांस कळते. मासळीच्या वासांत ट्रायमिथिल-अमाईन हा क्षारधर्मी पदार्थ असतो, आणि क्षारास आम्ल हें उत्तर. लिंबाची पिळलेली साल, चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचें पाणी हातांस व ताटांस चोळलें कीं त्याचें लवण बनतें व तें हवेंत उडत नाहीं. आंबलेल्या दुधाचा किंवा घामाचा वास आम्लाचा. तेथें खाण्याचा सोडा चालतो. मात्र सोडा वाटींत घालून कोपऱ्यांत ठेवणें हें मला नवसासारखें वाटतें. तो ओल्या फडक्यानें रगडला पाहिजे. कपाटांतील डांबराच्या गोळ्या तर आम्हीं कायमच्या टाकून दिल्या. त्यांतील नॅप्थलीन कांहीं तान्ह्या मुलांच्या रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करूं शकतें. त्यांच्या जागीं वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडींत बांधून ठेविला आहे.

इतकें झाल्यावर मातोश्रींच्या प्रश्नाकडे वळलों. मंडईंतून वाळ्याची जुडी आणली. एक मुळी माठांत टाकली आणि उरलेली ओली करून वाऱ्याच्या वाटेवर टांगली. पहिल्या पावसानंतर मातीस जो गंध सुटतो त्याच्या जवळचाच हा गंध. त्या मातीच्या वासास १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील बेअर व थॉमस या शास्त्रज्ञांनीं पेट्रिकोर असें नांव दिलें. कनोजचे अत्तार मात्र भाजलेली माती उकळून तिचें अत्तर त्याच्या पुष्कळ आधींपासून काढीत होते. मातोश्री जुडीखालीं खुर्ची ओढून बसल्या. "ऊद तो ऊद," इतकेंच म्हणाल्या, परंतु खुर्ची तेथून हलविली नाहीं.

या सर्व खटाटोपाचा उपयोग गेल्या पावसाळ्यांत अकल्पित ठिकाणीं झाला. खाणीकडील वस्तींतून आमच्या शाळेंत येणारा सातवींतील एक मुलगा आठवडाभर आला नाहीं. त्याच्या शेजारच्या बांकावरील मुलें नाकास रुमाल लावीत, हें मागाहून कळलें. मी घरीं गेलों. पत्र्याची एक खोली, झाडून लख्ख. दोरीवर शाळेचा एकुलता एक सदरा. आई रोज रात्रीं कामावरून येऊन तो साबणानें धुवी. पण पावसांत वाळणार कोठें? "गुरुजी, धुते हो मी रोज," असें ती दोनदां म्हणाली. तिच्या त्या म्हणण्यास उत्तर देणें मला भाग होतें.

उत्तर असें कीं, ओल्या कपड्यास येणारा आंबट वास मळाचा नव्हे. मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नांवाचा एक जंतु त्यास कारण आहे, असें २०१२ सालीं जपानी संशोधकांनीं दाखविलें. हा जंतु वाळल्यानें सहजीं मरत नाहीं. कढत पाण्यापुढें मात्र त्याचें कांहीं चालत नाहीं. सदरा पांढऱ्या सुताचा असल्यानें पंधरा मिनिटें कढत पाण्यांत ठेवण्यास हरकत नव्हती. दुसरा सदरा शाळेच्या भांडारांतून निघाला.

पण मुलाची लाज भांडारांतून निघण्यासारखी नव्हती. वर्गांत मी उपदेश केला नाहीं. विज्ञानाच्या तासास प्रत्येकाचा रुमाल भिजवून, पिळून डब्यांत बंद करविला, आणि तिसऱ्या दिवशीं ज्याचा त्यानें उघडावा असें सांगितलें. चाळीस डबे उघडले तेव्हां वर्गांत जो हलकल्लोळ झाला तो ऐकून शेजारच्या वर्गावरील बाई धांवत आल्या. रुमाल घरोघरचे होते, चांगल्या साबणानें धुतलेले होते. तो मुलगा सर्वांच्या आधीं हंसला.

त्या दिवशीं व्हरांड्यांत, जेथें दोन्ही बाजूंनीं वारा वाहतो तेथें, मुलांनीं एक सुतळी बांधली. पावसाळा संपला तरी ती अजून तेथेंच आहे. कधीं तिच्यावर कुणाचे मोजे असतात, कधीं माझी छत्री.