पॅसेंजर गाडीचे प्रवासी

मॅरेथॉनविषयी जे जे हाती लागेल ते वाचायचं असा एक नाद मला मध्यंतरी लागला होता. त्यात एक गोष्ट लक्षात आली. ही सगळी पुस्तकं चपळ माणसांनी चपळ माणसांसाठीच लिहिलेली असतात. 'अंगावर सामान कमीत कमी ठेवा' असं त्यात बजावलेलं असतं. ज्याला तीन तासांत आंघोळीला घरी जायचंय, त्याला सामान लागतंच कशाला? डेक्कन क्वीननं जाणारा माणूस नुसतं वर्तमानपत्र घेऊन निघतो. पॅसेंजरनं जाणाऱ्याला मात्र वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्या लागतात. आम्ही पॅसेंजरवाले. आमच्यासाठी कुणीच काही लिहीत नाही, म्हणून हा प्रपंच.

माझ्या वेगाबद्दल गैरसमज नको, म्हणून आधीच सांगतो. 2018 मध्ये मी एका मॅरेथॉनमध्ये (नाव सांगत नाही, चूक तिची नव्हती) एकतिसाव्या किलोमीटरला बसमध्ये बसलो. ही बस सगळ्यांच्या मागून येत असते आणि वेळेत न बसणाऱ्यांना गोळा करत असते. आत लग्न मोडून परत निघालेल्या वऱ्हाडासारखी मंडळी होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. एकानं मला बिस्कीट दिलं, तेसुद्धा खिडकीबाहेर बघत. त्या बसमध्ये पुन्हा बसायचं नाही एवढंच मी ठरवलं आणि 19 जानेवारी 2020 च्या मुंबई मॅरेथॉनला नाव घातलं.

"बसमधून आलात तरी मी घरात घेईन," सौ. म्हणाली. आमच्याकडे धीर असाच देतात.

पहिला नियम प्रवासाचा. पुण्याहून आदल्या दिवशी सकाळीच निघावं. छातीवर लावायचा नंबर स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो आणि तो शर्यतीच्या पहाटे मिळत नाही. नंबर घ्यायला गेल्यावर तिथल्या दुकानांतून तासभरात बाहेर पडावं. मी तीन तास फिरलो. पाय तिथंच दुखायला लागले आणि वर एका गोड बोलणाऱ्या पोरानं मला झगझगीत नवे बूट गळ्यात मारले, ते वेगळंच.

दुसरा नियम असा की, ते बूट दुसऱ्या दिवशी घालायचे नाहीत. शर्यतीला नवं काही नको, मग ते बूट असोत, मोजे असोत की आहार. बूट नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर मोठे हवेत, कारण पाच-सहा तासांत पाय फुगतात. नखं चार दिवस आधी कापावीत. मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं आणि मग फोड येतात. आणि प्रवासात हे बूट पायांत किंवा हातातल्या पिशवीत असावेत, मोठ्या सामानात कधीच टाकू नयेत. अर्थात नियम आमच्यासारख्यांना असतात. त्याच वर्षी इथिओपियाच्या देरारा हुरिसाचे बूट हरवले. त्यानं मित्राचे उसने बूट घातले आणि 2 तास 8 मिनिटं 9 सेकंदांत, स्पर्धेचा विक्रम मोडून, पहिला नंबर पटकावला. ही बातमी वाचल्यापासून सौ. माझ्या बुटांच्या किमतीचा विषय काढते.

आमचा मुक्काम दादरला मेहुण्याकडे होता, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हे मुद्दाम सांगतोय. त्याचं महत्त्व पुढे कळेल.

सामानाचं म्हणाल, तर कंबरेच्या पट्ट्यात माझं अख्खं बिऱ्हाड होतं. मिठाच्या पुड्या, खजूर, चिक्की, एक उकडलेला बटाटा, शंभराची नोट, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन. मेहुणा हसला. पण सावकाश जाणाऱ्याचं गणितच निराळं आहे. आम्ही पोचेपर्यंत केळी संपलेली असतात, टेबलांवर उरतं ते पाणी. आणि खरा धोका तिथंच आहे. प्रत्येक टेबलापाशी थांबून नुसतं पाणीच ढोसत गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस चक्कर येऊन पडतो. चपळ माणसाला एवढं पाणी प्यायला सवडच नसते, हा सावकाश माणसाचा आजार आहे. म्हणून तहान लागेल तेवढंच प्यावं आणि मीठ-लिंबू जवळ ठेवावं. टोपीही हवीच. चपळ मंडळींची शर्यत कोवळ्या उन्हात उरकते, आमची मात्र भर उन्हात.

काखेत, मांड्यांना आणि छातीवर दोन ठिकाणी व्हॅसलीन फासावं, किंवा छातीला चिकटपट्टी लावावी. या शेवटच्या सूचनेला पुरुष हसतात, आणि मग शर्टावर रक्ताचे दोन ठिपके घेऊन घरी येतात. नंबर लावायला चार सेफ्टी पिना लागतात. माझ्या दोन हरवल्या. पहाटे सौ.नं बांगडीतल्या दोन काढून दिल्या. काही न बोलता.

आम्हा हौशी लोकांना अंधारात सोडतात आणि खऱ्या धावपटूंना उजाडल्यावर. ते आमच्या मागून निघून आमच्या पुढे पोचतात. माझं निम्मं अंतर होत आलं होतं, तेवढ्यात मागून मोटारसायकली आल्या आणि त्यांच्यामागे ती हरणं. मी आपोआप कडेला सरकलो. मेल जाऊ देण्यासाठी पॅसेंजर साइडिंगला घेतात ना, तसा. पावलांचा आवाजसुद्धा झाला नाही. ते गेले आणि मी सिग्नल मिळाल्यासारखा पुन्हा निघालो.

पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तिशी उलटल्यावर येतो. मोटारीतून जाताना तो चढ आहे हे कधी कळलंदेखील नव्हतं. मागे कुठेतरी बसचा हॉर्न वाजला, की मला तसा भास झाला, कोण जाणे. मी वळून पाहिलं नाही. एका इमारतीखाली एक आजी संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. ताटात शेवटच्या तीन उरल्या होत्या.

"तुम्ही शेवटचे का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही आजी, मागे अजून आहेत."

"मग एकच घ्या."

मी एकच घेतली आणि चालत, पळत, खांब मोजत चढ संपवला.

शेवटच्या 195 मीटरांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर किल्ल्यापासून राजघराण्याच्या आसनासमोरपर्यंत जे अंतर भरलं, तेच 1921 मध्ये कायमचं ठरलं. राणीसाहेब थोड्या अलीकडे बसत्या तर काय बिघडलं असतं? मला 6 तास 41 मिनिटं लागली. तेवढ्यात हुरिसा तीन मॅरेथॉन धावून वर सोळा मिनिटं चहा पीत बसला असता. पण मी बसमध्ये नव्हतो.

सौ. सकाळपासून ठरल्या जागी उभी होती. घरच्यांना आपल्या अंदाजापेक्षा तासभर उशिराची वेळ सांगावी, ही सूचना मला तिच्या चेहऱ्यावरून सुचली. हातात मेहुण्याच्या नऊ नंबरच्या चपला होत्या. त्या घातल्यावर जे सुख झालं, ते पदक गळ्यात पडलं तेव्हाही झालं नव्हतं.

परतीसाठी रविवारचा मेगाब्लॉक आधी बघून ठेवावा. तो सुरू होण्याआधी चपळ लोक घरी पोचलेले असतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर धीमी लोकल तिथूनच सुटत असल्यानं बसायला जागा मिळते. अवघड असतं ते उठणं. आणि मुक्काम ठरवताना भाडं, अंतर वगैरे नंतर विचारावं, आधी कमोड आहे का ते विचारावं. मेहुण्याकडे देशी पद्धतीचं होतं. त्या संध्याकाळचं वर्णन मी करणार नाही. दाराबाहेर मेहुणा आणि सौ. दोघंही उभे होते, एवढंच सांगतो.

सोमवारी सकाळी निघालो. जिना चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हे तेव्हा कळलं. त्यावर तोड एकच, उलटं उतरायचं. मी कठडा धरून, भिंतीकडे तोंड करून, एकेक पायरी मागे सरत तिसऱ्या मजल्यावरून निघालो. सौ. दोन्ही पिशव्या घेऊन पुढे. दुसऱ्या मजल्यावर एक शेजारीण दार उघडून दूध आत घेत होती. ती बघतच राहिली.

"अगंबाई, काय झालं यांना?"

"काही नाही हो," सौ. म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, असं मला अजून वाटतं. "काल पळून आलेत."

शेजारणीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"या वयात?" ती म्हणाली. "आणि कुणाबरोबर?"